बाकीचे चौघे कोण?

(दहावी 1995 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलताना गडबडीत राहून गेलेली दोन-चार वाक्यं लिहून काढताना घातली आहेत. बाकी बोलले तसंच आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे ‘एआयमुळे नोकऱ्या जाणार का’ यावर बोल, असा आग्रह होता. तो विषय जेवताना घेऊ. मला आज एक जुनी उधारी फेडायची आहे.

आठवीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर बोलले होते. आईने लिहून दिलेलं भाषण, दोन वेण्या, रिबिनी आणि शेवटी आवाज चढवून म्हटलेलं वाक्य. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, तो अजून आईकडे आहे, त्यात शेंगाचटणी असते. खाली उतरल्यावर आपल्या इतिहासाच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “पाच डॉक्टर गेले म्हणालीस. एकाचं नाव सांगितलंस. बाकीचे चौघे कोण?” मला एकही नाव येत नव्हतं. “उद्या सांगते बाई,” असं म्हणून मी पळाले. बाई, तो उद्या आज उजाडला. उशीर झाला, माफ करा.

कोटणीसांची गोष्ट सोलापूरकरांना सांगायची म्हणजे सिद्धेश्वराच्या तळ्यात पाणी ओतण्यासारखं आहे. 10 ऑक्टोबर 1910 ला इथे जन्म, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिक्षण, 1938 मध्ये चीनला प्रयाण, 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच मृत्यू, वय 32. व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये सिनेमा काढला. घराचं स्मारक झालं. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटत आले आहेत. हे सगळं आपल्याला पाठ आहे. मात्र सिनेमात आणि माझ्या भाषणात एक गोष्ट सारखीच होती. दोन्हीकडे एक माणूस दिसतो. प्रत्यक्षात ते एक पथक होतं. स्वयंसेवकांचं, सैन्याच्या मदतीला निघालेलं, माणसं आणि सामान एकत्र घेऊन जाणारं पथक. मला आज त्या पथकाबद्दल बोलायचं आहे.

तर बाई, ते चौघे. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय मदतीला जाऊन आलेले होते, म्हणजे पाचांत युद्ध पाहिलेला माणूस तो. दुसरे डॉ. मोरेश्वर चोळकर, आपल्या नागपूरचे, वयाने ज्येष्ठ. तिसरे डॉ. विजयकुमार बसू आणि चौथे डॉ. देवेश मुखर्जी, दोघेही कलकत्त्याचे. पाचवे आपले कोटणीस, तेव्हा अठ्ठाविसाव्या वर्षात.

पथक कसं उभं राहिलं हे मला फार आवडतं. जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला चढवला. आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. आता आपली स्थिती बघा. स्वतः गुलाम. सरकार इंग्रजांचं, फौज इंग्रजांची, पासपोर्ट इंग्रजांचा. तरी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी 30 जून 1938 ला लोकांना आवाहन केलं, 7 ते 9 जुलै हे दिवस ‘चीन दिन’ म्हणून वर्गणीसाठी ठरवले, आणि 22,000 रुपये जमले. त्यातून रुग्णवाहिका आणि डॉक्टरांचं पथक पाठवायची व्यवस्था झाली. तेव्हा सोलापूरला मार्शल लॉ लागून आठ वर्षं झाली होती, आपल्या चार हुतात्म्यांना फाशी देऊन साडेसात. ज्या गावाने हे सोसलं, त्या गावातला मुलगा दुसऱ्याच्या देशात मलमपट्टी करायला निघाला. घरी आईवडिलांना काय वाटलं असेल, याचा विचार मी आठवीत केला नव्हता. माझी मुलगी आता बारावीला आहे. आता करते.

1 सप्टेंबर 1938 ला ‘राजपुताना’ नावाच्या बोटीतून पाचही जण मुंबईहून निघाले. हाँगकाँगमार्गे कँटनला पोचले. तिथे सुन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. मग चांगशा, मग हांको. तिथे चिनी रेड क्रॉसमध्ये त्यांना काम मिळालं. आणि इथे माझ्या धंद्याचा भाग सुरू होतो.

मी गेली अठरा वर्षं गोदामांची सॉफ्टवेअरं बनवते. माल कुठून निघाला, कुठल्या गाडीत आहे, कुठे उतरणार, कोण सही करणार. आमच्यात म्हणतात की माल देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेणं सोपं, शेवटचे पाच किलोमीटर अवघड. म्हणून मी कोटणीसांची गोष्ट पुन्हा वाचायला घेतली तेव्हा शस्त्रक्रियांचे आकडे बाजूला ठेवले आणि नकाशा उघडला. ऑक्टोबर 1938 मध्ये एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. 21 तारखेला कँटन जपान्यांच्या हातात गेलं आणि 25 ला हांको. म्हणजे हे पाच जण ज्या दाराने आत आले ते दार पाठीमागे बंद झालं. ज्या शहरात कामाला लागले ते शहर सोडावं लागलं. समुद्राकडून माल येण्याचा मोठा रस्ता तुटला. पथक मागे सरकत यीचांग आणि तिथून चुंगकिंगला गेलं.

त्यानंतर दक्षिणेकडून येणारा आधार म्हणजे मुख्यतः ब्रह्मदेशातून डोंगर फोडून काढलेला रस्ता, बर्मा रोड. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तोही गेला, मग हिमालयावरून विमानं. याच काळात चीनमध्ये आणखी एक स्वयंसेवकांची तुकडी काम करत होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. फ्रेंड्स अँब्युलन्स युनिट. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून बंदूक हातात घ्यायला नकार दिलेली इंग्लंड-अमेरिकेतली तरुण मुलं. 1941 पासून त्यांनी चीनमध्ये औषधांची वाहतूक केली. पेट्रोल नाही, तर लोणारी कोळशाच्या वायूवर ट्रक चालवले. गाडीच्या बाजूला भट्टी, आधी ती पेटवायची, मग घाट चढायचा. आपल्यातल्या ज्यांनी हिवाळ्यात सकाळी किक मारमारून लुना चालू केली आहे त्यांना थोडी कल्पना येईल.

आपलं पथक मात्र ट्रक जेमतेम पोचतो अशा ठिकाणी चाललं होतं. चुंगकिंगहून निघायच्या सुमारास, जानेवारी 1939 मध्ये, कोटणीसांना वडील गेल्याची बातमी आली. परत फिरायची मुभा होती. ते पुढे निघाले. शिआनमार्गे फेब्रुवारीत पाचही जण येनानला पोचले. डोंगरात कोरलेल्या गुहांमधून घरं, दवाखाने, शाळा. सगळ्यांना चिनी नावं मिळाली होती, प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन. कोटणीस झाले के दीहुआ.

आणि इथून पथक कमी होत जातं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याच भागावर कुणी भाषण करत नाही. 1939 मध्ये चोळकर परतले. त्याच वर्षी मुखर्जी परतले, त्यांना मूत्रपिंडाचा त्रास होता. अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले. 1940 मध्ये प्रकृतीमुळे अटलही परतले. पाचाचे दोन झाले. मग बसूंना येनानला बोलावून घेतलं. वू-थाई पर्वताच्या परिसरात, शत्रूच्या फळीमागे, आपल्या पथकातला एक माणूस उरला.

परत आलेल्या चौघांना आपण विसरलो, कारण ते जिवंत परत आले. आपल्याकडे मेल्याशिवाय पुतळा होत नाही. पण साठीकडे झुकलेला नागपूरचा एक डॉक्टर प्रॅक्टिस सोडून बोटीत बसतो, बॉम्ब पडणाऱ्या शहरांतून येनानपर्यंत जातो, हे कमी आहे का? बसूंनी तर येनानमध्ये 1943 पर्यंत काम केलं. प्रत्येकाने आपल्याला झेपेल तेवढा टप्पा पार पाडला. रिले शर्यतीत पहिल्या पळणाऱ्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. (आपल्या पीटीच्या सरांनी मला रिलेत कधीच घेतलं नाही, तरी मी हे उदाहरण देते आहे.)

आघाडीवर सामान कसं न्यायचे? खेचरावर, माणसांच्या खांद्यावर, रात्री. जखमींना गावकरी स्ट्रेचरवरून डोंगर उतरवत. पट्ट्या धुऊन पुन्हा वापरत. त्याच भागात कोटणीसांच्या आधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करत होते. स्पेनच्या युद्धात रक्त बाटल्यांत भरून गाडीने आघाडीवर नेण्याची सोय उभी करणारे तेच. चीनमध्ये गाडी चालेना, म्हणून त्यांनी खेचराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना बसेल अशी पेटाऱ्यांची रचना केली. सोडली की शस्त्रक्रियेचं टेबल, औषधं, हत्यारं, सगळं हाताशी. आकार कमानीच्या पुलासारखा म्हणून नाव ठेवलं लुकोउ पूल, ज्या पुलापाशी युद्ध सुरू झालं त्याचं. इंजिनियर म्हणून सांगते, पंचवीस वर्षांत मी याच्याहून चांगलं डिझाइन पाहिलेलं नाही. खेचर किती ओझं उचलतं, वाट किती अरुंद आहे, दिवा असेल की नाही, इथून विचार सुरू केलेला. मुंबईत किंवा टोरांटोत काय उत्तम मिळतं, इथून नाही.

बेथ्यून नोव्हेंबर 1939 मध्ये गेले. शस्त्रक्रिया करताना बोटाला कापलं, रक्तात विष भिनलं. हातमोज्यांची चणचण होती, औषधांची त्याहून. पुढे जानेवारी 1941 मध्ये त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून कोटणीसांना नेमलं. त्याआधी 1940 च्या मोठ्या मोहिमेत कोटणीसांनी 800 हून जास्त जखमींवर उपचार केले, एकदा 72 तास झोप न घेता. हे आकडे माझ्या आठवीच्या भाषणात होते, टाळ्या त्यांनाच पडल्या.

मला आता टाळ्या वेगळ्याच गोष्टीला द्याव्याशा वाटतात. बाहेरून औषध येणं जवळजवळ थांबलं होतं. एकीकडे जपानी वेढा, दुसरीकडे चिनी सरकारनेच कम्युनिस्ट भागाची केलेली कोंडी. अशा वेळी कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली, बोलायला आणि लिहायलाही, आणि तिथल्या मुलांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवायला लागले. चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. भारतातून आलेली पेटी रिकामी होणार आणि दुसरी येणार नाही, हे त्यांना कळलं होतं. डॉक्टर तिथेच तयार झाले तर त्यांना बोटीची वाट पाहावी लागणार नव्हती. नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी डिसेंबर 1941 मध्ये त्यांचं लग्न झालं, ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, इनहुआ, म्हणजे भारत-चीन. तोवर त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना ते गेले.

आता मी हे सगळं आज का सांगते आहे, ते सांगते. थोडं अवघड आहे.

एप्रिल-मे 2021 आठवा. आपल्या ग्रुपवर दोन दिवसांत पैसे जमले. अमेरिकेतल्यांनी पाठवले, दुबईतल्याने पाठवले, सोलापुरात दुकान बंद असलेल्यानेही पाठवले. आपण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. हिशेब आणि यादी माझ्याकडे होती, पुण्यात घरी बसून. सुंदर शीट केली होती मी, रंगीत. किती मशीन, किंमत किती, देणगीदार कोण, बिल कुठे. दोन मशीन सोलापूरला पोचली आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात पाच दिवस पडून राहिली. उतरवून घ्यायला कुणी गेलंच नाही, कारण माझ्या शीटमध्ये ‘कोण उतरवून घेणार’ हा रकाना नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसरा जाणार. त्यातलं एक मशीन आपल्याच एका बाईंच्या यजमानांसाठी ठरलं होतं. ते घरी पोचलं तेव्हा त्याची गरज उरली नव्हती.

आधी आलं असतं तर काय झालं असतं, ते कुणी सांगू शकत नाही. आपल्यातल्या डॉक्टर मित्राने मला तेव्हाच सांगितलं होतं की एवढ्याने भागलं नसतं. पण गोदामाची सॉफ्टवेअरं करणारी मी, आणि गोदामातच माल राहिला. चार वर्षं मी हे ग्रुपवर लिहू शकले नाही. परवा बाईंना फोन केला, हे बोलू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “बोल. आणि जेवायला माझ्याशेजारी बस.”

आता आजच्या सभेपुढे प्रस्ताव आहे की तिसाव्या वर्षाची आठवण म्हणून आपण तालुक्यातल्या एका दवाखान्याला रुग्णवाहिका द्यावी. रक्कम जवळजवळ जमली आहे. गाडीवर शाळेचं नाव, तुकडीचं नाव, फोटो, हार. मला माहीत आहे, मी आता बोलणार आहे ते बऱ्याच जणांना आवडणार नाही. माझा गाडीला विरोध नाही. या रकमेत फक्त गाडी येते, याला विरोध आहे.

आपल्यातला एक जण लष्कराच्या आर्मी सर्व्हिस कोअरमधून निवृत्त झाला आहे. सैन्याला धान्य, इंधन, गाड्या पुरवणारं हे दल. आजच्या मेळाव्याला तो आहे, मागे पाण्याच्या जारपाशी उभा आहे आणि माझ्याकडे बघून नको नको म्हणतो आहे. त्याला मी मागच्या महिन्यात विचारलं. तो म्हणाला, “अगं, गाडी कुणीबी देतंय. टायर कोण देतंय सांग. रात्री दोनला ड्रायव्हर कोण उठवतंय सांग.” मग त्याने मला कागदावर काढून दिलं. दोन ड्रायव्हर, पाळीने. डिझेल. विमा. टायर, बॅटरी. ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणणं. गाडी बंद पडली तर त्या दिवशी काय. तो कागद मी शीटमध्ये घातला. पाच वर्षांचा खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जातो.

म्हणून माझी विनंती अशी. एक तर गाडी यंदा घेऊ नये, दर महिन्याची वर्गणी आधी सुरू करावी, आणि एक वर्ष ती नियमित आली तरच गाडी घ्यावी. नाहीतर त्या दवाखान्याकडे आधीपासून असलेली जुनी गाडी, जी सध्या ड्रायव्हरअभावी उभी असते, ती आपण चालवायला घ्यावी. तिच्यावर आपलं नाव असणार नाही. फोटोही काढता येणार नाही फारसा, रंग उडाला आहे. मी जाऊन बघून आले, टायर बदलावे लागतील, इंजिन ठीक आहे. मला स्वतःला दुसरा पर्याय बरा वाटतो, पण मतदान झाल्यावर जे ठरेल त्यात माझी वर्गणी आहेच.

शीट दाराजवळच्या टेबलावर छापून ठेवली आहे, ग्रुपवरही टाकली आहे. शेवटचा रकाना रिकामा आहे, त्यात रकमा लिहायच्या नाहीत, नावं लिहायची आहेत. महिना आणि त्यापुढे नाव, फोन कोण उचलणार त्याचं. जानेवारीपुढे मी माझं लिहिलं आहे. गड्ड्याला मी तशीही इथेच असते.

दुपारी आपण कोटणीस स्मारकात जाणार आहोत. साडेतीनला गेटपाशी मिनीबस येईल, सतरा जागा आहेत, सर आणि बाई बसतील, बाकीच्यांनी आपापल्या गाड्या काढा आणि ज्यांच्याकडे जागा रिकामी आहे त्यांनी आत्ताच हात वर करा, मी लिहून घेते.